पाठीवरची पट्टी : परदेशी जुने संगणक आणि आपल्या भिंतीतली वीज

जुना संगणक उलटा केला की त्याच्या पाठीवर किंवा पोटाखाली एक छोटी चंदेरी पट्टी सापडते. कंपनीचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक आणि खाली एक ओळ : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, अमुक अँपिअर. संग्राहक मंडळी वरचा अनुक्रमांक टिपून घेतात, कारण बाजारभाव त्यावर ठरतो. खालची ओळ क्वचितच कोणी वाचतो. वाचलीच तर पहिला आकडा वाचतो, दुसरा सोडून देतो. या लेखात मला त्या खालच्या ओळीबद्दलच लिहायचे आहे, आणि त्यातही दुसऱ्या आकड्याबद्दल अधिक. कारण पहिला आकडा दुर्लक्षिला तर यंत्र एका क्षणात जळते. दुसरा दुर्लक्षिला तर ते महिनोन्‌महिने चालत राहते आणि आतून झिजते.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर नाही. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात बसून जे कानावर पडले आणि पुढे जुन्या सर्व्हिस मॅन्युअलांतून जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी. गेली काही वर्षे महाराष्ट्रातल्या घरांत परदेशातून आलेल्या जुन्या संगणकांच्या नोंदी मी करतो आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेला गेलेला मुलगा परतताना सामानात घेऊन आला, जपानमध्ये प्रशिक्षणाला गेलेल्या अभियंत्याने जहाजाने पाठवला, अशा वाटांनी हे संगणक आले. १९८४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण आले, त्याआधी संगणक आयात करणे म्हणजे कागदपत्रांचे जंगल होते. त्यामुळे सामानातून आलेला संगणक ही फार अपूर्वाईची वस्तू असे. आता त्या घरांतली पिढी सत्तरी ओलांडते आहे, फ्लॅट लहान होताहेत आणि माळे रिकामे केले जाताहेत. खोके खाली उतरते, धूळ पुसली जाते, आणि नातू विचारतो, ‘आजोबा, चालू होतो का हा?’ पुढचे दोन मिनिटे फार धोक्याची असतात.

हा फरक मुळात आला कुठून? ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजकेंद्र सुरू केले. वीज डीसी होती आणि दाब साधारण ११० व्होल्ट. या आकड्यात दैवी काही नव्हते. त्या काळच्या कार्बनच्या तंतूचा दिवा ज्या दाबावर चांगला जळे आणि बऱ्यापैकी टिके, तो हा दाब. म्हणजे अमेरिकेचा आजचा १२० व्होल्ट हा दिव्याच्या तंतूने ठरवलेला आकडा आहे. पण कमी दाबाची किंमत तांब्यात मोजावी लागते. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने पाठवली तर प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतला ऱ्हास एक चतुर्थांशावर येतो. हे गणित एडिसनलाही ठाऊक होते. म्हणूनच त्याने तीन तारांची पद्धत काढली. आजही अमेरिकन घरात दोन बाजूंनी १२०-१२० मिळून २४० व्होल्ट येतातच. ते कपडे वाळवण्याच्या यंत्राला आणि विजेच्या शेगडीला जातात, भिंतीतल्या साध्या सॉकेटला मात्र जात नाहीत.

बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९च्या सुमारास सरळ २२० व्होल्टचा रस्ता धरला आणि त्याच तारांतून कितीतरी जास्त ग्राहक जोडले. युरोप हळूहळू त्या मागे गेला. अमेरिकेत तोवर इतके दिवे आणि इतकी उपकरणे घराघरांत बसली होती की मागे फिरणे परवडणारे नव्हते. वारंवारतेचेही तसेच. वेस्टिंगहाउसने ६० धरली, जर्मनीच्या एईजीने ५०. आपल्याकडे वीज आली ती ब्रिटिश वळणाने. मुंबईची विजेची ट्राम ७ मे १९०७ला धावली, पुढे खोपोलीच्या पाण्यावर टाटांची वीज आली, आणि शेवटी देशाचा आकडा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असा स्थिरावला.

जपानची कथा सगळ्यात विलक्षण. तोक्योच्या कंपनीने १८९५च्या सुमारास जर्मनीहून एईजीचे ५० हर्ट्झचे जनित्र घेतले आणि ओसाकाच्या कंपनीने लगेच पुढे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे ६० हर्ट्झचे. दोन शहरांच्या दोन खरेद्या, आणि देश आजही फुजी नदीपासून इतोइगावापर्यंतच्या रेषेने दुभंगलेला आहे. पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. दाब मात्र सगळीकडे १०० व्होल्ट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

संगणक या जगात आला तेव्हा सुरुवातीला ही डोकेदुखी मालकाची नव्हतीच. पवईच्या आयआयटीत साठच्या दशकात सोव्हिएत मदतीने मिन्स्क-२ आला. सोव्हिएत देशाची वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे जवळपास आपलीच. शिवाय असा संगणक खोलीभर असे, त्याच्यासोबत अभियंते येत, वीजजोडणी आधी कागदावर काढली जाई. संगणक टेबलावर मावू लागला आणि माणूस एकटा पडला. १९७७चा ॲपल टू, १९८१चा आयबीएम पीसी, १९८४चा मॅकिंटॉश, ही यंत्रे ज्या बाजारासाठी बनत त्या बाजाराच्या विजेसाठी बनत. अमेरिकेत विकायच्या मॅकिंटॉशमधला वीजपुरवठ्याचा बोर्ड वेगळा आणि परदेशी मॅकिंटॉशमधला वेगळा. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. गिऱ्हाईक तो विमानात घालून सातासमुद्रापार नेईल हा विचार त्या किमतीत बसवलेला नव्हता.

ॲपल टूचा वीजपुरवठा रॉड होल्ट यांनी केला. त्या काळच्या बहुतेक छोट्या संगणकांत जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असे. होल्ट यांनी एसएमपीएस म्हणजे स्विचिंग पद्धत वापरली, त्यामुळे पेटी हलकी आणि थंड राहिली. या पुरवठ्याने क्रांती केली असे नंतर बरेच बोलले गेले. माझ्या मते ते जरा अति आहे. स्विचिंग पद्धत उद्योगात आधीपासून होती, होल्ट यांनी ती घरगुती संगणकात नेटकी बसवली. त्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये १०७ ते १३२ व्होल्ट अशी मर्यादा दिली आहे, आणि पर्यायी २१४ ते २६४, पण बटण फिरवून. त्याच मॅन्युअलात हेही म्हटले आहे की हे बटण सगळ्याच ॲपलांवर नाही. म्हणजे ‘माझ्या मित्राचा ॲपल थेट चालतो’ या वाक्यावर विसंबून आपला लावू नये.

बटण असलेली यंत्रे जास्त घात करतात, असा माझा अनुभव आहे. पाठीमागे लाल सरकते बटण, एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. अमेरिकेतून आलेल्या यंत्रात ते ११५वरच असणार, आणि माळ्यावरून खाली काढणाऱ्याला ते दिसतही नाही. आत काय होते ते समजून घेतले तर भीती नेमकी बसते. २३०वर असताना एसीची डीसी होऊन साधारण ३२५ व्होल्ट मिळतात, आणि ते एकापुढे एक जोडलेल्या दोन मोठ्या कपॅसिटरांत वाटले जातात. ११५वर बटण सरकवले की तीच मंडळी दुप्पट करणारे मंडळ बनते. एका अर्धलहरीत एक कपॅसिटर भरतो, दुसऱ्या अर्धलहरीत दुसरा, आणि बेरीज पुन्हा तेवढीच येते. युक्ती सुंदर आहे. पण बटण ११५वर आणि भिंतीत २३० असेल तर बेरीज ६५० व्होल्ट होते. प्रत्येक कपॅसिटर बहुधा २०० व्होल्टचा, त्याच्या वाट्याला ३२५. मग फटाका, धूर, आणि नशीब असेल तर फक्त फ्यूज.

वीटेसारखा वीजपुरवठा बाहेर असलेली यंत्रे सगळ्यात सोपी. ब्रिटिश सिंक्लेअर स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागते. वीट २४० व्होल्टची, म्हणजे आपल्याकडे थेट चालते. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच्या डीसी पिनीत मधला भाग ऋण असतो, आपल्या बाजारातल्या बहुतेक ॲडॅप्टरांत तो धन असतो. आणि ब्रिटिश चौकोनी पिनीच्या प्लगमध्ये आत फ्यूज असतो. तो प्लग कापून आपला गोल पिनीचा लावला की फ्यूज गेला, कारण आपल्या प्लगमध्ये तो नसतोच.

कमोडोर ६४ हे मात्र वेगळे प्रकरण आहे आणि मला फार आवडते. १९८२च्या या यंत्राची वीट दोन प्रकारची वीज देते : ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. ही एसी केवळ शक्तीसाठी नाही. यंत्रातली एक चिप तिच्या लहरी मोजून घड्याळ चालवते; भिंतीतली वीज हाच त्या घड्याळाचा लंबक. त्या चिपमध्ये एक बिट आहे, ५० मोजायचे की ६० ते सांगणारा. अमेरिकन यंत्राला ६०ची सवय. ते आपल्या ५०वर लावले आणि बिट बदलला नाही, तर त्या घड्याळाचा एक तास पुरा व्हायला ७२ मिनिटे लागतात. ट्रान्सफॉर्मर कितीही उत्तम घ्या, त्याने हे सुधारत नाही. तो दाब बदलतो, वारंवारता बदलत नाही. पडद्यावरच्या चित्राचा मात्र याच्याशी संबंध नाही. अमेरिकन कमोडोरचे चित्र आतल्या स्फटिकावर चालते, त्यामुळे ते आपल्याकडेही अमेरिकन पद्धतीचेच राहते, आणि त्यासाठी ते समजणारा टीव्ही लागतो. या दोन अडचणींची गल्लत मी अनेकदा ऐकतो.

त्या विटेबद्दल आणखी एक. कमोडोरची जुनी वीट आतून इपॉक्सीने भरलेली असते, दुरुस्त होत नाही, आणि बिघडते ती उलट्या दिशेने : ५ व्होल्टच्या जागी जास्त देऊ लागते आणि यंत्रातल्या मेमरी चिपा जाळते. म्हणून मूळ वीट योग्य दाबावर लावली म्हणजे यंत्र सुरक्षित, असे समजू नये. आधी विटेचा डीसी दाब मीटरवर पाहावा, तोही तिच्यावर थोडा भार टाकून.

आता तो दुसरा आकडा. साध्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात किती चुंबकत्व चढते हे दाब भागिले वारंवारता यावर ठरते. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या यंत्राला १२० व्होल्ट अचूक दिले पण ५० हर्ट्झने दिले, तर गाभ्यावर २० टक्के जास्त चुंबकत्व येते. निर्मात्याने लोखंड काटकसरीने घातले असेल तर गाभा तृप्त होतो, गुणगुणू लागतो, तापतो. दिवसभर चालवले तर वाइंडिंगचा मुलामा भाजत जातो. अशा यंत्राला १०० व्होल्ट दिले तर प्रमाण पुन्हा जागेवर येते, कारण १०० भागिले ५० आणि १२० भागिले ६० हे एकच. फक्त आतला रेग्युलेटर तेवढ्यावर तग धरतो का ते पाहावे लागते. पट्टीवर ‘५०/६०’ असे लिहिले असेल तर ही चिंता नाही.

एसीवर फिरणारे पंखे ५०वर सुमारे सहावा हिस्सा हळू फिरतात, आणि ते आपल्या मे महिन्यात. आठ इंची फ्लॉपीच्या काळात तर हा प्रश्न उघड्यावर होता. शुगार्टच्या एसए-८०० ड्राइव्हमध्ये तबकडी फिरवणारी मोटर एसीची, पट्ट्याने जोडलेली. तबकडी मिनिटाला ३६० फेऱ्या फिरायला हवी. म्हणून ६० हर्ट्झच्या देशाची कप्पी वेगळी आणि ५०च्या देशाची वेगळी. ६०ची कप्पी घेऊन आलेला ड्राइव्ह आपल्याकडे ३०० फेऱ्यांवर फिरतो आणि डिस्क वाचत नाही. ड्राइव्ह बिघडलाय असे समजून तो भंगारात देण्यापूर्वी कप्पी पाहावी.

ट्रान्सफॉर्मर कुठला घ्यायचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘दोनशे तीस-एकशे दहा’ म्हटले की दोन वस्तू मिळतात. स्वस्त, हलका तो ऑटो ट्रान्सफॉर्मर. त्यात एकच वाइंडिंग असते आणि मधून फाटा काढलेला असतो. त्याचा सामाईक भाग तुटला तर पलीकडे पूर्ण २३० व्होल्ट जातात. जड आणि महाग तो आयसोलेशनचा, दोन स्वतंत्र वाइंडिंगांचा. चाळीस वर्षांच्या यंत्राला मी दुसराच सुचवतो. विमानतळावर मिळणारे तळहाताएवढे ‘ट्रॅव्हल कन्व्हर्टर’ तर हातात घेऊ नयेत. त्यांतले कित्येक लहर कापून दाब कमी केल्यासारखे दाखवतात. केस वाळवण्याच्या यंत्राला ते चालते, संगणकाला नाही. घरातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवरही ही यंत्रे चालवू नयेत.

आणि ११०च का घ्यायचा? दुकानदार देतो म्हणून. आपल्याकडे सहा टक्के चढउतार नियमात बसतो, म्हणजे २१६ ते २४४. ११०चा ट्रान्सफॉर्मर २१६वर १०३ व्होल्ट देतो, म्हणजे ॲपल टूच्या किमान मर्यादेच्या खाली. १२०चा घेतला तर ११३ ते १२७, दोन्ही टोके मर्यादेत. थोडे पैसे देऊन १२०चा वळवून घ्यावा, आणि संगणक-मॉनिटर मिळून जी शक्ती होते तिच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

अर्थिंगवर लोक हसतात, मी हसत नाही. अमेरिकन तीन पिनी प्लगची गोल पिन कापून तो दोन पिनीत बसवलेला मी किती घरांत पाहिला आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की धातूची पेटी त्यांच्यामुळे साधारण निम्म्या दाबावर तरंगते. पेटीला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात त्या हीच तक्रार करतात. ट्रान्सफॉर्मर मधे घातला तरी अर्थची तार भिंतीपासून यंत्राच्या पेटीपर्यंत सलग हवी.

एवढे सगळे नीट करूनही धूर निघू शकतो. ऐंशीच्या दशकातल्या असंख्य यंत्रांत रिफा कंपनीचे कागदी कपॅसिटर आहेत. बीबीसी मायक्रोत तर हमखास. त्यांचे पारदर्शक आवरण वयाने तडकते, ओल आत शिरते, आणि वीज मिळाल्यावर काही मिनिटांत पिवळा, घशाला लागणारा धूर येतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या चार पावसाळ्यांत ठेवलेले यंत्र असेल तर ते कपॅसिटर आधीच बदलून घ्यावेत. यंत्र उघडण्याचे काम मात्र जाणत्यालाच द्यावे. प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर आणि पिक्चर ट्यूब बराच वेळ भरलेली असतात.

आमच्या दुकानात एक लाकडी सिरीज बोर्ड होता : शंभर वॅटचा साधा बल्ब आणि त्याच्या ओळीत एक सॉकेट. संशयित रेडिओ पहिल्यांदा त्यावरच लावायचा. बल्ब भक्क पेटला तर आत शॉर्ट आहे, आणि रेडिओ वाचला. एसएमपीएस या बोर्डावर नीट सुरू होत नाही, पण शॉर्ट आहे की नाही एवढे तो निश्चित सांगतो. एलईडीच्या दिवसांत तसला बल्ब शोधावा लागतो.

यंत्राच्या आतला जुना वीजपुरवठा काढून नवा, १०० ते २४०वर चालणारा बसवावा का, यावर तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराशी माझा वाद चालू आहे. तो म्हणतो, ‘दादा, चालत नाही तो संगणक नाही, खोकं आहे.’ त्याच्या म्हणण्यात वजन आहे. घरात मुलांचा वावर असेल, तर नवा पुरवठाच शहाणपणाचा. पण तो बसवताना जुना पुरवठा फेकला जातो, पट्टी खरडली जाते, आणि यंत्र कोणत्या देशासाठी, कोणत्या विजेसाठी जन्मले याचा एकमेव पुरावा जातो. माझी अट एवढीच असते की जुना पुरवठा पिशवीत घालून, तारीख लिहून, त्याच खोक्यात ठेवावा, आणि पट्टीला हात लावू नये.

गेल्या वर्षी नाशिकच्या एका घरातला एनईसीचा पीसी-९८०१ पाहिला. वहिनींचे यजमान जपानहून घेऊन आले होते. ते गेल्यावर खोके तसेच राहिले. आतल्या फ्लॉप्यांवर त्यांच्या हस्ताक्षरात लेबले होती, आणि वहिनींना त्या उघडून हव्या होत्या. मुलाने अमेरिकन मिक्सरचा ११०चा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. मी पट्टी पाहिली : १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. जपानचा देशच दोन वारंवारतांचा, त्यामुळे तिथल्या यंत्राला दोन्ही चालवून घ्यावेच लागते. आपल्या ५०ची त्याला काही अडचण नव्हती. अडचण दाबाची होती. तिथल्या नियमाने घरातला दाब १०१च्या वर-खाली ६, म्हणजे १०७च्या वर जाऊ नये, आणि मुलाच्या ट्रान्सफॉर्मरमधून संध्याकाळी ११६ यायची शक्यता होती. २३०ला १०० असा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वळवून घेतला. २१६वर ९४, २४४वर १०६. पहिल्या दिवशी भिंतीत २२५ होते, पलीकडे ९८ मिळाले. अकरा फ्लॉप्यांपैकी सात वाचल्या गेल्या.